नंबर न लावता आलेली गाडी

कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही, हे कोंबड्यांच्या घरात जन्मलेल्या बाईला तरी कुणी सांगायला नको. पण चिमाताईने महिनाभर नेमकं तेच केलं होतं, आणि आज ते तांबडं दादाच्या गाडीत बसून फाटकातून आत शिरत होतं.

स्वयंपाकघराच्या खिडकीतून सगळं अंगण दिसायचं. चिमाताई ओट्याशी उभी होती, हातात चहाचा कप. कप दोन्ही हातांनी धरलेला. एका हाताने धरायचे दिवस केव्हाच गेले होते. आधी गाडीचं नाक दिसलं, मग पुढच्या सीटवर दाटीवाटीने बसलेली माणसं, आणि मग मागे एकावर एक चढवलेले क्रेट. त्यांच्या जाळीतून पांढरी पिसं बाहेर आली होती.

"अहो," ती म्हणाली, "दादा आलाय."

"येऊ दे की." टेबलाशी बसलेले सुरीवाले चष्मा पुसत होते. तिच्या नवऱ्याला सगळा मुलूख याच नावाने ओळखायचा. खरं नाव बँकेत काय ते उरलं होतं.

"माल घेऊन आलाय."

चष्मा पुसणारा हात थांबला. "म्हणजे? तू त्याला अजून सांगितलं नाहीस?"

चिमाताईने कप ओट्यावर ठेवला. बाकी सगळ्यांना सांगून झालं होतं. बदकं पाळणाऱ्या म्हाताऱ्याला, शाळा सोडून कोंबड्यांत पडलेल्या मास्तरांना, नदीपलीकडच्या त्या दोघी बहिणींना. एकेकाला फोन करून ती म्हणाली होती, की महिनाअखेरीला खालची शेड बंद होतेय, चिकनची कंपनी विकत घेतेय, तुम्ही कटिंगचं, कापून घ्यायचं दुसरीकडे बघा. दुसरीकडे म्हणजे कुठे, असं प्रत्येकाने विचारलं होतं. कंपनीचा मोठा प्लांट शे-दोनशे कोंबड्यांसाठी फाटकही उघडत नाही. डोंगरापलीकडे एकजण कटिंग करतो, पण त्याच्याकडे नंबर लागेपर्यंत कोंबडी म्हातारी होते, आणि उन्हातून तिथवर नेली तर वाटेतच मान टाकते. छोट्या कोंबडीवाल्यांना मांस तपासणाऱ्या सरकारी डॉक्टरचा शिक्का मिळण्याजोगी जागा ही एवढीच होती, अंगणाच्या उताराला बांधलेली, पत्र्याच्या छपराची खालची शेड.

दादाने फोन करायचा प्रश्नच नव्हता. बाकीचे नंबर लावायचे, दादा यायचा. "घरचंच तर आहे, नंबर कसला लावायचा?" हे त्याचं ठरलेलं वाक्य. एखाद्या शुक्रवारी त्याची गाडी दारात आली की चिमाताई कुणाला तरी मागे ढकलायची आणि त्या माणसाची बोलणी फोनवर ऐकून घ्यायची. दादा शेडच्या अर्ध्या दाराशी क्रेट उतरवायचा आणि वर चहाला यायचा. अर्ध्या दाराच्या आत त्याने कधी पाऊल टाकलं नाही. माल तयार झाला की तो घेऊन जायचा, घाणेरडे क्रेट भिंतीशी सोडायचा आणि चिमाताईने धुऊन ठेवलेले मागच्या वेळचे उचलायचा. भिंतीशी दादाचे क्रेट नाहीत असा दिवस तिने लग्न झाल्यापासून पाहिला नव्हता.

तिने फोन हातात घेतला नव्हता असं नाही, अनेकदा घेतला. पण दरवेळी एकच विचार आडवा यायचा: कोंबड्या आणायच्या नसल्या तर माझ्या माहेरची माणसं इथे कशाला येतील? याचं उत्तर ऐकण्यापेक्षा फोन खाली ठेवलेला बरा, असं तिला वाटायचं.

"आता काय करणार आहेस?" सुरीवाल्यांनी विचारलं.

"चहा," ती म्हणाली आणि पातेल्यात आणखी पाणी ओतलं.

*

दादाला खूश व्हायला फारसं निमित्त लागत नसे. गाडीतून उतरून त्याने मोकळ्या अंगणाकडे अशी नजर टाकली, जणू ते खास त्याच्यासाठी झाडून ठेवलं होतं.

"बघितलंस, आई? एकही गाडी नाही. आज पहिला नंबर आपला!"

आईला उतरायला वेळ लागला. तिचा एक हात बारकीच्या खांद्यावर होता. बारकी ही दादाची लेक, घरात सगळ्यांत उंच, त्यामुळे अर्थातच तिचं नाव बारकी. गेली दोन वर्षं कोंबड्यांचं तीच बघत होती आणि दादा फक्त तिने केलेल्या गोष्टींवर मत देत होता.

वहिनी सगळ्यांत शेवटी उतरली आणि उतरल्या उतरल्या थबकली. वहिनीच्या नजरेतून काही सुटत नसे.

"अहो, हे गटार कोरडं कसं?"

कटिंगच्या दिवशी खालच्या शेडमधून पहाटेपासून गरम पाणी वाहायचं. आज गटारात एक वाळकं पान पडलं होतं.

चिमाताई पायरीवर येऊन उभी राहिली. "या," ती म्हणाली. "आधी घरात या."

"ताई, कामाची माणसं कुठे आहेत?" वहिनीने विचारलं.

"गेली. कंपनीत लागली दोघंही."

"म्हणजे ते खरं आहे?" बारकी बापाकडे वळली. "बाबा, मी तुम्हाला दोन आठवडे सांगतेय. ग्रुपवर सगळे तेच म्हणताहेत, खालची शेड बंद होतेय. तुम्ही ऐकलं नाहीत."

"ऐकलं की!" दादा म्हणाला. "पण मला वाटलं, लोकांसाठी बंद होतेय. घरच्यांसाठी कुणी बंद करतं का? उलट मी म्हटलं, बरं झालं, गर्दी कमी होईल."

हे तो इतक्या सरळ मनाने म्हणाला, की चिमाताईला हसू आलं. काय बोलावं या माणसाला! जगाला पाऊस लागतो तेव्हा आपल्याला मांडवात घेतलेलं असणार, ही त्याची लहानपणापासूनची खात्री होती. आणि मांडव धरून कोण उभं असतं, हे बघायला तो कधी थांबला नव्हता.

"दादा," ती म्हणाली, "आपल्यासाठीही बंद."

*

चहा झाला, पण प्यायला कुणाला सुचलं नाही. आईला खिडकीशी खुर्ची दिली होती. दादा सुरीवाल्यांच्या समोर बसला होता, टेबलावर दोन्ही कोपरं टेकून.

"भावोजी, मला एका शब्दाने विचारायचं तरी होतं."

सुरीवाल्यांनी चहाचा कप त्याच्यापुढे सरकवला.

"परवाच पिल्लं उतरवलीत मागच्या शेडमध्ये. आज चिमणीएवढी आहेत. उद्या तयार झाली की मी त्यांचं काय करू? पाळण्यात घालून जोजवू?"

"कंपनीच्या गोड बोलण्याला भुलले असतील," वहिनी म्हणाली. ती बोलत होती दादाशी, पण शब्द जायचे तिथे जात होते. "माणसाला म्हातारपणी असं होतं. आपलं कोण, परकं कोण, कळेनासं होतं."

"आई, आतोबांना का बोलतेस?" बारकी म्हणाली. "आणि कंपनीशी आपणही करार करू शकतो. पिल्लं तेच देतात, खाद्य तेच देतात, न्यायलाही तेच येतात. नंबर नाही, काही नाही."

"आणि आपण काय करायचं? आपल्याच शेडमध्ये रखवालदार व्हायचं?"

"रखवालदाराला निदान पगार असतो," वहिनी म्हणाली.

दादाने चमकून बायकोकडे पाहिलं. एवढा वेळ तो समजत होता की ती त्याच्या बाजूने बोलतेय. वहिनी मात्र गेली कित्येक वर्षं कुणाच्याच बाजूने नव्हती. ती फक्त दमली होती, आणि जो विसावा देईल त्याच्याकडे झुकत होती. आज तो लेकीकडून आला.

"आप्पा असते तर ही वेळ आली नसती," दादा म्हणाला. वाद हरायला लागला की तो वडिलांना बोलावून आणायचा.

मग आई बोलली. ती हल्ली कमी बोलायची, म्हणून सगळे तिच्याकडे वळले.

"जावईबापू, माझ्या नवऱ्याने तुमच्या वडिलांना शब्द दिला होता आणि त्यांच्याकडून घेतला होता. कोंबड्या आमच्या आणि सुरी तुमची. म्हणून तर चिमीला या घरात दिली. नाहीतर तिला काय, बरी बरी स्थळं सांगून येत होती."

ही गोष्ट या खोलीतल्या प्रत्येकाला माहीत होती. चिमाताईलाही लग्नाच्या आधीपासून माहीत होती. पण माहीत असणं वेगळं आणि चहाच्या कपांमध्ये कुणी ती उघडी आणून ठेवणं वेगळं. तिला राग यायला हवा होता, आणि आला तो नुसता शीण, पाठीच्या कण्यापासून वर चढणारा. तिने खुर्ची ओढली आणि बसली. माहेरची माणसं घरात असताना ती अशी सहसा बसत नसे.

"ठाऊक आहे मला, आई," ती म्हणाली. "आणि यांना कुणी काही बोलू नका. कंपनीला फोन मी केला."

दादाला आधी कळलंच नाही. "कुठला फोन?"

"शेड घ्या म्हणून. मी केला."

"मी नको म्हणत होतो," पाहुणे आल्यापासून सुरीवाले पहिल्यांदाच बोलले. "मी अजून चालवली असती."

"हे चालवतील. हे मरेपर्यंत चालवतील. यांच्या सुरीचं काम एका झटक्याचं असतं, दादा. त्यानंतरचं सगळं टेबलावर येतं, आणि टेबलावर मी असते. आतडी काढायची, पोट धुवायचं, बर्फाच्या पाण्यात टाकायचं, काढायचं. माणसं टिकत नाहीत, दोघांचं काम एकटीवर येतं. सकाळी माझी मूठ उघडत नाही. वेणी घालायला यांना बोलवावं लागतं."

सुरीवाल्यांचे कान लाल झाले. "ते सांगायची काही गरज नव्हती," ते पुटपुटले.

"मग इतकी वर्षं बोलली का नाहीस?" दादाचा आवाज चढला होता, पण त्यात आता जोर नव्हता. "मला का नाही सांगितलंस?"

"तू खाली आलास कधी?"

"एखादी बाई ठेवायची हाताखाली," आई म्हणाली.

"ठेवल्या. एकही सहा महिने राहिली नाही. वरून सांगणं सोपं असतं, आई. उंटावरून शेळ्या हाकायला काय लागतं?"

आईशी असं बोललेलं तिला स्वतःलाच ऐकवेना. पण शब्द परत घ्यावेत असंही वाटेना. आई खिडकीबाहेर बघायला लागली.

बाहेर क्रेटमध्ये फडफड झाली. ऊन गाडीच्या अर्ध्यावर आलं होतं.

"पक्षी तापायला लागले," बारकी उठली. "तुमचं काय ते नंतर ठरवा. यांचं आज ठरवायला हवं."

"घरी नेऊ," दादा म्हणाला.

"आणि ठेवणार कुठे?" वहिनी म्हणाली. "शेडबाहेर गेलेलं पाखरू परत शेडमध्ये घ्यायचं नाही, हा तुमच्या आप्पांचाच नियम. कुठून काय रोग घेऊन येईल सांगता येत नाही. मागे पिल्लं आहेत, सगळी एकदम जातील."

"मग डोंगरापलीकडे—"

"मी आत्ताच विचारलं त्यांना," बारकी फोन दाखवत म्हणाली. "पुढच्या महिन्याशिवाय नंबर नाही. आणि या उन्हात पोचणार किती? कटिंगसाठी कालपासून उपाशी ठेवलंय, पोटात दाणा नाही त्यांच्या."

घरचं झालं थोडं आणि व्याह्याने धाडलं घोडं, असं चिमाताईच्या मनात आलं. तिने नवऱ्याकडे पाहिलं. त्यांच्यात एवढं बोलणं पुरे असायचं.

"डॉक्टर दुपारी येणार आहेत," सुरीवाले सावकाश म्हणाले. "शेड धुऊन बंद केली का, ते बघायला. शिक्का त्यांच्या बॅगेतच असतो. महिनाअखेरीपर्यंत शेड आपल्याच नावावर आहे. गॅस पेटवला तर पाणी तासाभरात तापेल."

"वा!" दादा उठलाच. "मग अडचण काय? चला, मी क्रेट उतरवतो."

"माणसं नाहीत, दादा."

सगळ्यांनी सवयीने चिमाताईकडे पाहिलं. चिमाताईने दादाकडे पाहिलं.

"एप्रन आतल्या खुंटीवर आहेत," ती म्हणाली.

*

अर्ध्या दाराशी दादा क्षणभर घुटमळला. कडी कुठल्या बाजूला आहे हेसुद्धा त्याला ठाऊक नव्हतं. बारकीने हात घालून ती आतून काढली.

आत जागा फारशी नव्हती. एका टोकाला कोंबडी उलटी अडकवायचे पत्र्याचे शंकू, मग गरम पाण्याचा हौद, मग पिसं काढायचं पिंप, आतून रबरी बोटं लावलेलं, आणि मग टेबल. टेबलाच्या पलीकडे बर्फाचा हौद. कोंबडी एका टोकाने पिसांसकट यायची आणि दुसऱ्या टोकाने माल होऊन निघायची. वाटेत वळायला जागा नव्हती. सुरीवाले शंकूंपाशी उभे राहिले. त्या एका कोपऱ्यात ते घरातल्यापेक्षा दहा वर्षांनी लहान दिसायचे. हात हलके, घाई नाही. बारकी हौदापाशी आणि पिंपापाशी. वहिनी बर्फाशी. दादाला चिमाताईने आपल्या शेजारी टेबलावर घेतलं.

मग तिने खिशातून कापडाची पट्टी काढली. सुरी उजव्या तळहातावर ठेवली, पट्टीने हाताभोवती गुंडाळली आणि गाठीचं एक टोक दातात धरून ओढलं. रोजचंच काम होतं ते. तिच्या ध्यानातही आलं नाही की दादा बघतोय.

"हे काय?"

"नाहीतर निसटते."

पहिली कोंबडी त्याच्यापुढे आली. तिने दाखवलं: इथे चीर, मग हात आत, बोटं वाकवून, सगळं एका ओढीत बाहेर. "पित्ताची पिशवी जपून. फुटली तर मांस हिरवं होतं."

फुटली. दुसरीचीही फुटली. तिसरीला त्याने श्वास रोखून हात घातला आणि सगळं नीट बाहेर आलं, तेव्हा एखादं बक्षीस मिळाल्यासारखं त्याने इकडेतिकडे पाहिलं. पण बघायला कुणाला सवड नव्हती, चौथी आली होती.

थोड्या वेळाने चिमाताईने एक कोंबडी त्याच्याकडे सरकवली आणि गळ्याशी फुगलेल्या पिशवीवर सुरीचं टोक हलकेच टेकवलं. "बघ. दाणा आहे आत."

"असं कसं? काल संध्याकाळीच खाद्य काढलं."

"काढलंस, पण उशिरा काढलंस. तू नेहमीच उशिरा काढतोस. पिशवी फुटते, घाण पसरते, मग धूत बसायचं."

"नेहमीच?" दादाचा हात थांबला. आपल्या कोंबड्या सगळ्या मुलुखात स्वच्छ, हे तो चारचौघांत छाती पुढे काढून सांगत असे. "मग मला कधी म्हणाली नाहीस?"

"आपल्या घरात तुला कोण काय म्हणणार?"

हे ती चिडून म्हणाली नाही. चिडायलाही ताकद लागते. दादाने मान खाली घातली आणि पिशवी सोडवायला लागला. पिंपाचा खडखडाट चालू होता, छपराखाली वाफ कोंडली होती, आणि बराच वेळ त्या सगळ्यांत फक्त "सरक", "पाणी", "ही धर" एवढंच बोलणं झालं. चिमाताईच्या मनात आलं, हे एवढं बोलणं या टेबलाशी आधी कधी झालं असतं, तर ती कदाचित आणखी काही वर्षं ओढत राहिली असती. मग तिला आपल्याच मनाचा राग आला. नको होती ती आणखी वर्षं.

अर्धे क्रेट रिकामे झाले असतील नसतील, वहिनी बर्फापासून उठून आली. तिची बोटं लालबुंद झाली होती. चिमाताईच्या हाताची गाठ तिने न विचारता सोडायला घेतली. ओलं कापड घट्ट बसलं होतं, सुटता सुटेना. शेवटी तिनेही दात लावले.

"वहिनी, अगं राहू दे—"

"गप बसा, ताई. सुरी इकडे द्या आणि त्या स्टुलावर बसा. कुठे चीर द्यायची तेवढं तोंडाने सांगा."

चिमाताई बसली. वहिनीने पहिली चीर दिली, थोडी वाकडी.

"जरा खाली," चिमाताई म्हणाली.

डॉक्टर आले तेव्हा शेवटचा क्रेट चालला होता. दारात उभं राहून त्यांनी एप्रन घातलेल्या माणसांची रांग चष्म्यावरून न्याहाळली.

"मी बंद झालेली शेड बघायला आलो होतो," ते म्हणाले. "इथे तर नवी भरती दिसतेय."

माल त्यांनी उलटसुलट करून पाहिला. हिरव्या पडलेल्या सगळ्या बाजूला काढल्या, आणि बाकीच्यांवर शिक्का दिला.

*

वर पायरीवर चहा आणला तो बारकीने. दादाने कप उचलायला हात पुढे केला, बोटं कपाच्या कानात शिरेनात. मग त्याने दोन्ही हातांनी कप धरला आणि तसाच प्यायला, तिच्याकडे न बघता.

चहा संपल्यावर तो उठून खाली गेला आणि नळ सोडला. चिमाताईला वाटलं, हातपाय धुतोय. पण तो क्रेट धूत होता. एकेक उलटा करून, कोपऱ्यातली पिसं बोटांनी काढून. धुतलेले गाडीत चढवत होता. आजचे संपले, तेव्हा भिंतीशी ठेवलेले मागच्या वेळचेही त्याने उचलले. सगळे.

आई आधीच गाडीत बसली होती. चिमाताई खिडकीशी गेली, तशी आई म्हणाली, "हात दे बघू."

तिने दिला. आईने तो मांडीवर घेतला आणि एकेक बोट सरळ करायला लागली, तान्ह्या मुलाची मूठ उघडावी तशी. बोटं पुरती सरळ होईनात. आईने पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.

"बाकीची स्थळं बरी होती गं," आई म्हणाली. "पण वेणी घालणारं त्यात कुणी नव्हतं."

आईकडून एवढं आलं म्हणजे पुष्कळ आलं, हे चिमाताईला कळत होतं. तिने हात काढून घेतला नाही.

दादा अर्ध्या दाराशी उभा होता. बाहेरच्या बाजूला, फोन करून आलेली माणसं उभी राहतात तिथे. "चिमे, जरा इकडे ये."

ती गेली आणि सवयीने दाराच्या आत जाऊन उभी राहिली.

"ती पिल्लं आहेत ना," तो म्हणाला. "ती तयार होतील तेव्हा..." त्याने घसा साफ केला. "नंबर मिळेल का?"

इतक्या वर्षांत त्याने हे पहिल्यांदा विचारलं होतं. शेडमध्ये अजून वाफ होती, टेबल ओलं होतं, कंपनीला अजून एक फोन करणं काही अवघड नव्हतं. त्याने खांदे पाडले होते. लहानपणी काही फोडलं की तो असाच तिच्यासमोर येऊन उभा राहायचा, आणि ती आप्पांना सांगायची की मी फोडलं. तिच्या तोंडात "बघते" आलं होतं. तिने ते गिळलं.

"नाही, दादा," ती म्हणाली.

तिने त्याला कशालाच नाही म्हटल्याचं दोघांनाही आठवत नव्हतं.

"बरं," दादा म्हणाला. थोडा वेळ तो दाराच्या फळीवरून हात फिरवत राहिला. "करार करायचा म्हणतेय बारकी. बघू. रखवालदार तर रखवालदार." मग गाडीकडे वळता वळता म्हणाला, "शुक्रवारी आईला घेऊन येतो."

"आता कटिंग नाही इथे."

"कटिंगचं कोण म्हणतंय?"

गाडी फाटकाबाहेर गेली. मागचे रिकामे क्रेट वळणावर खडखडले आणि मग तोही आवाज राहिला नाही. भिंतीशी क्रेटच्या जागेवर फिकट चौकोन उमटला होता. तिथल्या भिंतीला इतकी वर्षं ऊन लागलं नव्हतं. चिमाताई त्याच्याकडे बघत उभी राहिली. दादा बोलायला उदार, हे ती जन्मापासून जाणून होती. शुक्रवारी कोंबड्यांची शंभर कामं निघतील, आईचे गुडघे दुखतील, गाडी कुणीतरी मागून नेईल. येईल की नाही, कोण जाणे. पण आला, तर कोंबड्या घेऊन येणार नाही. आला, तर तिच्याकडे येईल. आजवर तो कुणाकडे यायचा, हे तिला कधीच नक्की कळलं नव्हतं.

आतून सुरीवाल्यांचा आवाज आला. "हौदाखालचा गॅस बंद करू ना गं?"

"करा," ती म्हणाली.